मंगळवारच्या सपकाळे बाई

सपकाळे बाईंच्या खोलीत घड्याळ होतं, पण ते समोर बसणाऱ्याला दिसत नसे. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, बाईंना मान न वळवता दिसेल अशा बेताने ते टांगलेलं होतं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात बावीस वर्षं टाइम ऑफिसला काढली. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, याची नोंद ठेवणं हे माझं काम. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरलो की माझी नजर आधी घड्याळ शोधते. पहिल्या दिवशी मी खुर्चीतून मागे वळून पाहिलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "वेळ मी बघते, भाऊ. तुम्ही बोला."

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी ट्रस्टचा धर्मार्थ दवाखाना होता. पुढच्या खोलीत डोळ्यांचे डॉक्टर, मधल्या खोलीत दातांचे आणि सगळ्यात मागे, औषधांच्या खोक्यांना लागून, बाई. त्यांचा वार मंगळवार, दुपारी दोन ते सहा. दारावर पाटी नव्हती. ट्रस्टवाल्यांनी दोनदा विचारलं होतं म्हणे, पण बाई नको म्हणाल्या. पाटी वाचून अर्धे लोक दातांच्या रांगेत जाऊन बसतील, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. आमच्या ओळखीत कुणीही दात दुखतो म्हणून सांगेल, पण मन ठिकाणावर नाही म्हणून सांगणार नाही.

बाई तेव्हा पन्नाशीच्या असाव्यात. उंचीला बेताच्या, अंगाने भरलेल्या. सुती साडी, खांद्यावर एकच पिन, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट नर्सच्या नोकरीतले. वीस वर्षं त्या एका सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होत्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी समुपदेशनाचा कोर्स केला. वर्गातल्या मुली त्यांना आधी मॅडम समजून उठून उभ्या राहिल्या होत्या, ही गोष्ट त्या हसत सांगत. राहायला अंबरनाथला बुवापाड्यात. यापलीकडे त्यांच्या घरची माहिती मला नाही. मी विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही.

आम्ही त्यांच्यापर्यंत कसे पोचलो ते सांगायला हवं. २००५ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापूरला मांजर्लीत शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. मी कारखान्यात अडकलो होतो, घरी पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. घरात होत्या दोघीच, माझी बायको नंदा आणि माझी आई. आईचं डावं अंग दोन वर्षांपूर्वी गेलेलं, ती पलंगावरच असे. पाणी कमरेएवढं झालं तेव्हा शेजारच्या दोघांनी तिला उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. ती वाचली. पण पूर्ण भिजली होती. ताप भरला, छातीत कफ झाला आणि अकराव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर नंदा बदलली. बादलीत नळाचं पाणी पडण्याचा आवाज झाला की हातातलं काम टाकून उभी राही. चेहरा पांढरा पडे, श्वास वर लागे, हाक मारली तर ऐकू जात नसे. रोज दुपारी तीनच्या सुमाराला ती घराला कुलूप लावी आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसे. आभाळ स्वच्छ असलं तरीही. का बसतेस विचारलं तर म्हणे, "इथं वारा येतो."

आधी आमचे नेहमीचे डॉक्टर झाले. त्यांनी रक्त तपासलं आणि टॉनिक दिलं. मग कल्याणच्या एका मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी तिला झोप लागू लागली, हे मी नाकारणार नाही. पण दुपारचं जिन्यात जाणं थांबलं नाही. मग माझी धाकटी बहीण सुषमा अंगाऱ्याची पुडी घेऊन आली. आईचा जीव कशात तरी अडकलाय, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. नंदाने ती पुडी हातात घेतली आणि ती जी रडायला लागली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. सुषमा घाबरून निघून गेली.

बाईंचं नाव मला आमच्या कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतल्या कंपाउंडरने दिलं. म्हणाला, "गोळी नाही, सुई नाही. नुसतं बोलायचं." मी म्हटलं, नुसतं बोलून काय होणार? तो म्हणाला, "आतापर्यंत न बोलून काय झालं, साहेब?"

पहिल्या मंगळवारी मी तयारीनिशी गेलो. एकतीस दिवसांचा तक्ता आखून नेला होता. तारीख, वेळ, कशामुळे झालं, किती मिनिटं टिकलं, असे चार रकाने. एकूण सव्वीस नोंदी. बाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला. घाई केली नाही. माझं अक्षर चांगलं असल्याचंही म्हणाल्या. मग नंदाकडे वळून त्यांनी विचारलं, "हे लिहितात, ते तुम्हाला माहीत होतं?"

नंदाने मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

बाईंनी तक्त्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मेहनत घेतलीत, भाऊ. आता लिहू नका. आपल्यावर कुणाची नजर आहे असं वाटलं की माणूस स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखा वागतो." एवढं बोलून त्यांनी मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. गोळ्यांविषयी मात्र सक्त ताकीद दिली. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही.

बाहेरच्या बाकावर आम्ही तीन-चार नवरे आणि एखादा बाप असे बसलेलो असू. बाई आम्हाला बाकडेवाले म्हणत. दार उघडून म्हणत, "बाकडेवाल्यांना पापड मिळाला का?" हा पापड म्हणजे त्या दवाखान्याची रीत. सिंधी घरात कुणी आलं की आधी पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड पुढे येतो, तसंच तिथंही होतं. मोहिनी आँटी म्हणून सत्तरीच्या एक बाई शेगडीजवळ स्टुलावर बसून पापड भाजत आणि येईल त्याला देत, दात काढून आलेल्यालासुद्धा. मी पहिल्या दिवशी नको म्हटलं तर पोटच्या मुलाला म्हणावं तशा म्हणाल्या, "खा ले, पुट. तेरी घरवाली अंदर है, तू इधर भूखा बैठके क्या करेगा?"

या पापडाचा बाईंनी जो उपयोग केला, तो कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या मंगळवारी आम्ही बाकावर बसलो असताना गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. भिंतीलगतच्या पाइपातून पाणी धो-धो खाली येऊ लागलं. नंदा उठून उभी राहिली. तिचा श्वास वर लागला. मी तिचा दंड धरला तर तिने हिसडा दिला. बाई आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी तिला हात लावला नाही. आँटींच्या ताटातला एक पापड उचलला, तिच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "नंदाताई, हा घ्या. चावा. जोरात. आवाज आला पाहिजे."

नंदाने यंत्रासारखा तुकडा मोडून तोंडात घातला.

"आता काय ऐकू आलं?"

"कुडकुड."

"आणखी एक. तिखट आहे का?"

"मिरी आहे."

"आज वार कोणता?"

"मंगळवार," नंदा म्हणाली आणि खाली बसली. अख्खा पापड संपेपर्यंत बाई तिच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या. स्वतःही एक खाल्ला. मग मला समजावून सांगितलं, तेही आँटींना कळावं म्हणून निम्मं हिंदीत. घाबरलेलं माणूस त्या जुन्या दिवसात जाऊन उभं राहतं. त्याला ओढून आणता येत नाही. त्याच्या जिभेला, दाताला, कानाला आजचं काहीतरी द्यायचं, म्हणजे ते आपल्या पायांनी परत येतं. आँटींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो मेरा पापड दवाई है?" बाई म्हणाल्या, "दवाई से सस्ता है और दाँतवाले डॉक्टर का धंदा भी चलता है."

आँटी बाईंना अदी म्हणत. सिंधीत अदी म्हणजे बहीण. त्यांची ओळख कशी झाली ते आँटींनीच मला बाकावर सांगितलं. फाळणीनंतर आँटी लहानपणी घरच्यांबरोबर या कॅम्पात आल्या. त्या प्रवासातलं काही त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बाई दवाखान्यात नव्या होत्या तेव्हा एका मंगळवारी कुणी पेशंट नव्हता, म्हणून आँटी आत जाऊन बसल्या आणि बोलत सुटल्या. अस्सल सिंधीत. बाईंना तेव्हा सिंधीचे दहा शब्दही येत नव्हते. बाईंनी तासभर ऐकलं. शेवटी आँटींनी विचारलं, काही समजलं का? बाई म्हणाल्या, "शब्द नहीं समझे. आप कहाँ कहाँ रुकीं, वो समझा." पुढच्या मंगळवारपासून आँटींनी शेगडी मांडली. त्यांच्या शब्दांत, "फीस तो लेती नहीं, पापड तो खाएगी."

बाईंच्या काही सवयी मी बाकावरून आणि उघडझाप होणाऱ्या दारातून पाहिल्या. रडणाऱ्याला त्या कधी रुमाल पुढे करत नसत. रुमाल दिला की माणसाला वाटतं, आवरा म्हणतायत. त्याऐवजी खुर्चीच्या हातावर धुतलेला टॉवेल टाकलेला असे, ज्याने त्याने हवा तेव्हा घ्यावा. समोर माणूस असताना त्या कागदावर एक अक्षर लिहीत नसत. आणि "विसरून जा" हे शब्द त्यांच्या खोलीत चालत नसत. एकदा एक सासरे आत जाऊन सुनेला तेच सांगू लागले, तर बाईंनी शांतपणे विचारलं, "आजोबा, तुमचं लग्न कुठल्या साली झालं ते विसरून दाखवा." आजोबा पुन्हा बाकावर येऊन बसले.

मी एकदा विचारलं होतं, की दिवसभर लोकांचं असलं ऐकून तुम्हाला झोप कशी लागते? त्या म्हणाल्या, "डोंबिवलीला माझ्या एक बाई आहेत. महिन्यातून एकदा मी त्यांच्यासमोर बसते. न्हावी काय आपले केस आपण कापतो?"

आता मुख्य गोष्ट. ही लिहायला मला बरेच दिवस लागले.

पुरानंतर पंचनामे झाले, तेव्हा फॉर्म मीच भरला. सवयीने मी वेळा विचारल्या. पाणी उंबऱ्याला किती वाजता लागलं? नंदा म्हणाली, सव्वातीन. आईला वर किती वाजता नेलं? म्हणाली, चारला पाच कमी असतील. मी मनात हिशेब केला आणि बोललो, "म्हणजे चाळीस मिनिटं होती." एवढंच. त्यात माझा काही हेतू नव्हता. कामगार उशिरा आला की मी मिनिटं मोठ्याने म्हणतो, तसंच ते होतं. आणि आणखी एक. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असे, की घरातली सगळी चीजवस्तू गेली, पण आमचा एकही कागद भिजला नाही. माझी लोखंडी ट्रंक माळ्यावर कोरडी होती. हे मी कौतुकाने सांगत असे.

नवव्या मंगळवारी बाईंनी मला आत बोलावलं. नंदाच्या शेजारी न बसवता आपल्या बाजूला बसवलं. म्हणाल्या, "आज ह्या बोलणार आहेत. तुम्ही प्रश्न विचारायचा नाही. वेळ तर नाहीच नाही."

नंदा टॉवेलच्या टोकाकडे बघत बोलली. "तुम्ही चाळीस मिनिटं म्हणालात. मी तुमची ट्रंक चढवत होते. भरलेली उचलेना, म्हणून सगळ्या फायली काढल्या, आधी रिकामी ट्रंक वर सरकवली आणि मग एकेक फाईल. तुम्ही नेहमी सांगायचात, घराला आग लागू दे नाहीतर काही होऊ दे, आधी ट्रंक. आई पलंगावरनं हाका मारत होत्या. नंदा, अगं पाणी. मी म्हटलं, आलेच. परत हाक मारली. मी म्हटलं, आलेच. चारदा म्हटलं मी आलेच."

मी बाईंच्या बाजूला बसलो होतो, म्हणजे ते घड्याळ बरोबर माझ्यासमोर होतं. तेव्हा किती वाजले होते, ते मला आजही सांगता येत नाही.

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. बहुतेक, तुझी काही चूक नाही, असंच. बाईंनी माझ्याकडे न बघता तळहात उचलला. मी थांबलो. बाहेर आँटी कुणाला तरी पाणी देत होत्या. मग बाई म्हणाल्या, "आता बोला, भाऊ. पण समजूत घालू नका. तुमचं जे असेल ते बोला."

मी म्हटलं, "आधी ट्रंक, हे माझं वाक्य आहे. मी शिकवलं ते."

नंदाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने टॉवेल घेतला.

बाईंनी शहाणपणाचं एकही वाक्य उच्चारलं नाही. एवढंच म्हणाल्या, की आजचं पुरे, चालत जाऊ नका, रिक्षा करा. आणि दारापर्यंत येऊन मला सांगितलं, "दोन आठवडे जास्त त्रास होईल. फोडातला पू काढला की ठणका आधी वाढतो. घाबरून येणं बंद करू नका."

तसंच झालं. दोन आठवडे नंदा धड जेवली नाही. माझंही काही वेगळं नव्हतं. आम्ही दोघं आईविषयी बोलू लागलो, रोज थोडं. आई भरल्या वांग्यात किती तिखट घालायची, इथपासून सुरुवात झाली. दिवाळीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की दुपारी फोन केला तर नंदा घरातच असते. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी ते कुठे लिहिलं नाही, त्यामुळे नक्की तारीख माझ्याकडे नाही.

पुढच्या पावसाळ्यात एकदा नदी पुन्हा चढली. मी ड्युटीवर होतो. चार वाजायच्या सुमाराला टाइम ऑफिसच्या फोनवर नंदाचा फोन आला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून केला होता. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"पाणी गेटापाशी आलंय. मी वर आलेय. खाली सगळं आहे तसंच सोडलंय."

मी विचारलं, "जेवलीस का?"

"ट्रंकपण खालीच आहे," ती म्हणाली.

"असू दे."

मग म्हणाली, "पापड खातेय." आणि मला फोनमधून तो आवाज ऐकू आला. पाणी त्या दिवशी गेटातूनच परत फिरलं.

मंगळवारी हे सगळं ऐकून बाई खूश झाल्या, पण त्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. नंदाला म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी दुसरं काहीतरी काम काढा. इकडे यायचं नाही." नंदाला ते लागलं. बाहेर आल्यावर म्हणाली, एकदम असं कसं तोडून टाकलं? मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. २००९ साली अंबरनाथला, कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. आम्ही दोघं होतो आणि बहीण सुषमाही होती. जेवणाच्या रांगेत समोरून सपकाळे बाई ताट घेऊन आल्या. केस बरेच पांढरे झालेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी हसून हात जोडणार, तोच त्यांची नजर आमच्यावरून सरळ पुढे गेली आणि त्या कोशिंबिरीकडे वळल्या. मी खट्टू झालो. नंदाला म्हटलं, ओळखलं नाही त्यांनी.

"ओळखलं," नंदा म्हणाली. "त्या आपणहून ओळख देत नाहीत. चारचौघांत कुणी विचारलं, ह्यांची ओळख कुठली, तर आपल्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून. ओळख द्यायची की नाही ते माझ्यावर, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांनी."

सुषमाच्या कानावर अर्धंमुर्धं गेलं होतंच. तिने विचारलं, "कोण गं त्या, वहिनी?"

त्या चार वर्षांत सुषमाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. उल्हासनगर नाही, ट्रंक नाही, त्या चार हाका नाहीत. आई तिचीही होती. नंदाने ताट माझ्या हातात दिलं, सुषमाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन रांगेतून बाहेर पडली. मी दोन ताटं धरून मागोमाग गेलो.

"बाई," तिने हाक मारली. बाई वळल्या. नंदा म्हणाली, "ही माझी नणंद, सुषमा. सुषमा, ह्या सपकाळे बाई. आई गेल्यावर मी वर्षभर ह्यांच्याकडे जात होते. का जात होते, ते मी तुला आज घरी गेल्यावर सांगणार आहे. सगळं."

सुषमाने वाकून नमस्कार केला. बाईंनी तिला अर्ध्यावरच धरून उठवलं, कारण त्यांना पाया पडलेलं चालत नसे. नंदाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि त्या वेळी मी बाईंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. त्यांनी पदराने स्वतःच पुसलं.

"आधी जेवून घ्या तिघं," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी असलं बोलायला बसू नका."

मग बुवापाड्याला जाणारी त्यांची सोबत निघाली होती, म्हणून त्या निघाल्या. मंडपाच्या दारापाशी चपलांच्या ढिगात त्या आपल्या चपला शोधू लागल्या. दोन-तीन उलट्यापालट्या करून पाहिल्या, शेवटी त्यांना त्यांच्या सापडल्या, चक्क जरीच्या. एका हाताने खांब धरून त्यांनी त्या पायात घातल्या आणि मागे वळून न बघता गर्दीत मिसळल्या.

त्या रात्री मांजर्लीच्या घरी नंदा आणि सुषमा दार लावून आतल्या खोलीत बसल्या. मी बाहेर बसलो होतो. आतून आधी एकीचं रडणं ऐकू आलं, मग दोघींचं. मी आत गेलो नाही.